डोकेदुखीची पूर्वसूचना

आमच्या कार्यालयात आजारपणाची रजा आजारी पडण्याच्या तीन दिवस आधी मागावी लागते. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येतं, पण त्याने आमचं हजेरीपत्रक पाहिलेलं नसतं. पूर्वी इथे लोक वाट्टेल तेव्हा आजारी पडायचे. सोमवारी निम्मा विभाग तापाने फणफणलेला असायचा आणि मंगळवारी तीच माणसं ताजीतवानी होऊन चहाला हजर. नियम आला आणि कार्यालयाचं आरोग्य सुधारलं. गेल्या चार वर्षांत नियमानुसार आजारी पडलेला कर्मचारी एकच, आणि तो फावल्या वेळात भविष्य सांगायचा.

रजेचं टेबल माझ्याकडे आहे. लोक मला रजासाहेब म्हणतात. मी साहेब नाही, पण नमुना अकरा माझ्या डोक्यातून निघालेला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. त्यातला सहावा रकाना पाहा. 'वेदना : (अ) सहन होण्यासारखी, (ब) सहन न होण्यासारखी.' (अ) लिहिणाऱ्याला रजेची गरज नाही, हे उघड आहे. (ब) लिहिणाऱ्याने अकरा रकान्यांचा अर्ज खाडाखोड न करता स्वहस्ते भरला, म्हणजे वेदना त्याला सहन होत होती. तेव्हा तोही खोटा. हा रकाना वाचून अधीक्षकसाहेबांनी मला स्वतःच्या कपातला अर्धा चहा दिला होता.

अडचण एकच होती. शेजारच्या टेबलावर आवक नोंदवही सांभाळणाऱ्या बाई माझ्या पत्नी आहेत. सगळे त्यांना आवकबाई म्हणतात. नवरा रजेवर सही करणार आणि बायको शेजारी बसणार, म्हटल्यावर लोकांच्या जिभेला हाड राहत नाही. म्हणून एकवीस वर्षं मी फार जपून वागलो. इतरांना दिलेल्या सवलती तिला दिल्या नाहीत. आमची मुलगी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या चार दिवसांनंतर जन्मली, तर ते चार दिवस मी गैरहजेरीत धरले. माझ्या निःपक्षपातीपणाचं उदाहरण नव्या लोकांना प्रशिक्षणात सांगतात.

ज्या मंगळवारी हे सगळं घडलं, त्याच्या आधीच्या मंगळवारी ती म्हणाली होती, "अहो, डाव्या डोळ्यामागे ठणकतंय. पापणी पण जड वाटतेय. अर्धा दिवस जाऊन दाखवून येऊ का?"

"कार्यालयात अहो नाही."

"बरं. साहेब, ठणकतंय."

मी तिला तीन दिवसांची अट दाखवली. ती हसली आणि पुढचा लिफाफा फोडायला लागली. तिचं हे हसणं मला आवडतं. तिने वाद घातला असता तर मी कदाचित विचार केला असता.

मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिच्या हातातला शिक्का खाली पडला. दोन्ही हातांनी तिने डोकं धरलं होतं.

"अहो, डोक्यात काहीतरी फुटलं. एकदम. असं डोकं आयुष्यात दुखलं नाही माझं."

मी पुरता घाबरलो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण सगळा विभाग माझ्याकडे बघत होता. मी खणातून नमुना अकरा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. तिला ओळी दिसेनात, म्हणून मी वाचून दाखवायला लागलो.

"कधीपासून?"

"आत्ता. आत्ता या क्षणी."

"आधीच्या डोकेदुखीशी तुलना?"

"आयुष्यातली सगळ्यात भयंकर."

"आयुष्य अजून संपलेलं नाही, बाई. 'आजवरची' म्हणा."

"आजवरची," ती म्हणाली आणि टेबलावर ओणवी होऊन ओकली. खाली सकाळची सगळी आवक होती. सदतीस पत्रं. ती पुन्हा नोंदवायची की खराब आवक म्हणून वेगळी धरायची, यावर लगेच दोन तट पडले.

दरम्यान प्रत्येकाने निदान केलं. आमच्याकडे वैद्यकीय ज्ञानाची कमतरता कधीच नव्हती. जावक विभाग म्हणाला, पित्त. टंकलेखक म्हणाल्या, चष्म्याचा नंबर वाढलाय, माझा असाच वाढला होता. कुणीतरी म्हणालं, या वयात बायकांचं होतं असं. तिने खिडकी बंद करायला सांगितली, उजेड डोळ्यांत घुसतोय म्हणाली. मान वळेना म्हणाली. आमच्या मंजूर आजारांच्या यादीत डोकेदुखी एकेचाळिसाव्या क्रमांकावर आहे, 'किरकोळ' या शीर्षकाखाली. बेचाळीसला उचकी आहे.

आवाज ऐकून अधीक्षकसाहेब बाहेर आले. "डोकं तर माझंही दुखतं," ते म्हणाले. "मी येतो ना कामावर?" मग ते थांबले. आवकबाईंची डावी पापणी मिटलेली होती आणि उजवा डोळा थेट साहेबांवर रोखलेला होता.

"या मला डोळा मारतायत?"

वरिष्ठांकडे एका डोळ्याने पाहणे हा वर्तणूक नियमांचा भंग आहे. साहेबांनी मला रीतसर विचारलं, की बाईंची ही सवय जुनी आहे का. मी सांगितलं, की पती म्हणून मला माहिती आहे, पण रजा विभाग म्हणून मत देता येणार नाही.

"उघडत नाहीये ती पापणी," ती पुटपुटली. "आणि बोटाने उचलली तर साहेब मला दोन दिसतायत. एकच पुरे होता."

साहेबांनी प्रकरण गंभीर मानलं आणि त्रिसदस्यीय समिती नेमली. समितीने ठरवायचं होतं, की पापणी बाईंनी मिटली की आपोआप मिटली. दोन खुर्च्या मिळाल्या, तिसरीसाठी माणूस वरच्या मजल्यावर गेला. त्याच्याबरोबर लिफ्टमन खाली आला. हा गृहस्थ सहा महिन्यांनी निवृत्त होणार होता आणि तीस वर्षांत त्याने 'कितवा मजला' याखेरीज कुणाला काही विचारलं नव्हतं. त्याने माझ्या बायकोकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "मान ताठ झालीय?"

"तशी तोंडी तक्रार आहे."

"माझा थोरला भाऊ असाच गेला. उजेड नको म्हणत होता. आम्ही कपाळाला बाम चोळत बसलो." मग तो साहेबांच्या केबिनमध्ये शिरला, त्यांची चाकांची खुर्ची बाहेर ओढली, माझ्या बायकोला उचलून तीत बसवलं आणि लिफ्टकडे निघाला.

"अर्ज अपुरा आहे!" मी म्हणालो. हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं. अजूनही झोपताना ते मला ऐकू येतं.

फाटकावर रखवालदाराने त्यांना अडवलं. खुर्ची बाहेर न्यायला पास लागतो. लिफ्टमनने माझ्या बायकोला हातांवर घेतलं आणि खुर्ची तिथेच सोडली. बाईंना पास लागत नाही का, असं रखवालदाराने वही चाळून पाहिलं; बाईंची नोंद सामानात नव्हती. तोपर्यंत टॅक्सी निघून गेली होती.

मी गेलो नाही. माझ्या खात्यावर रजा होती, पण माझी रजा मीच मंजूर करायची, तीही बायकोसाठी, तीही पूर्वसूचनेशिवाय, हे बरं दिसलं नसतं. साडेपाचपर्यंत मी बसून होतो. त्या दिवशी मी काय काम केलं, ते मला आजही आठवत नाही. कागदावर पाहिलं तर बरंच केलेलं दिसतं.

पावणेसहाला रुग्णालयात पोहोचलो. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि दमलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, मेंदूतल्या एका धमनीची भिंत एके ठिकाणी कमजोर होती. सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तसा तिथे फुगा आला होता. त्याला अॅन्युरिझम म्हणतात. तो फुटला आणि मेंदूभोवती रक्त पसरलं. एका क्षणात, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखणं हीच त्याची खूण. पापणी मिटली ती फुग्याने नस दाबली म्हणून.

"आठवडाभर आधी काही त्रास होता का? ठणका? पापणी जड?"

"होता. अर्धा दिवस मागितला होता."

"मग?"

"नामंजूर झाला."

"कुणी केला?"

मी बुटांकडे बघितलं. त्यांनी पुढे सांगितलं, की जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेली आणि फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरून तो आतून बंद केला. काहींची कवटी उघडून फुग्याला चिमटा लावावा लागतो, हिला लागला नाही. फुटलेला फुगा पुन्हा फुटू शकतो आणि दुसऱ्या खेपेला बहुतेक माणसं हाती लागत नाहीत, म्हणून वेळेला महत्त्व. मग रक्तदाब, सिगारेट, घरात कुणाला होतं का, हे विचारलं. मला सासूबाई आठवल्या. भाजी निवडता निवडता 'डोकं' म्हणाल्या आणि गेल्या. आम्ही त्याला पुण्यवान मरण म्हणालो होतो. मुलीची तपासणी करून घ्या, डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तासाभरात आणलं म्हणून वाचल्या. कुणी आणलं?"

"लिफ्टमनने."

"तुम्ही कोण?"

"नवरा."

"तुम्ही कुठे होतात?"

"शेजारच्या टेबलावर."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मला वाटलं, घ्यायला हवं होतं.

दहाव्या दिवशी ती नीट बोलायला लागली. मुलीची तपासणी झाली होती, सगळं ठीक निघालं होतं. मी तिचा हात धरून बसलो होतो.

"तुम्ही का नाही आलात हो?"

"लोक काय म्हणाले असते?"

"आणि मी मेले असते तर?"

त्यासाठी वेगळा नमुना आहे, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि रडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आजारी ती होती.

ती साडेतीन महिन्यांनी कामावर आली. कार्यालयाने यातून बोध घेतला आहे. अचानक येणाऱ्या आजारांसाठी पूर्वसूचनेची मुदत तीन दिवसांवरून एक दिवसावर आणली. समितीचा अहवाल आला : पापणी आपोआप मिटली असावी, तथापि समज द्यावी. लिफ्टमनला विनापरवाना खुर्ची हलवल्याचं ज्ञापन गेलं. त्याचा मसुदा माझा आहे. त्याने ते घडी घालून खिशात ठेवलं आणि मला विचारलं, "बाई बऱ्या आहेत ना?"

हे वाचून तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे हा! म्हणा. माझी तक्रार नाही. फक्त एक आठवून बघा. परवा तुमच्या घरात कुणीतरी कपाळ दाबत म्हणालं, की डोकं फार दुखतंय. तेव्हा तुम्ही मोबाइलवरून मान न उचलता म्हणालात, "गोळी घे आणि पड जरा." ते माणूस आतल्या खोलीत गेलं. कधीपासून दुखतंय, असं तुम्ही विचारलं नाहीत.

मी विचारलं होतं.