ओटीसकट माप

महामायाला पुण्यात नोकरी लागली आणि पहिल्या पगारातच तिनं ठरवलं, की आपल्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, बाबांनी सूट घालायचा. देऊळघाटच्या अर्जुनरावांनी जन्मात कधी कोट घातला नव्हता.

"मंग माप घ्याले कोन येईन?" त्यांनी फोनवर विचारलं.

"कोनीच नाही, बाबा. मी लिंक पाठवते. तुमी सरळ उभे राहा, आई फोटो काढन. कॉम्प्युटर माप घेते अन् सूट घालूनही दाखवते."

"अन् उतरवून कोन देते?"

घरात रेंज नव्हती, वावरात होती. शेवटच्या वेचणीला मजूर मिळत नव्हते, म्हणून अर्जुनराव स्वतःच कापूस वेचत होते. पांढऱ्या सदऱ्यावरून पोटाशी जुन्या पांढऱ्या धोतराची ओटी बांधलेली, आणि ती वेचलेल्या कापसानं गच्च फुगलेली. मंजुळाबाईंनी मोबाइल धरला.

"हात जरा फाकवा. अहो, बुजगावण्यावानी नाही!"

"मंग कोनावानी?"

"साहेबावानी."

मोबाइल थोडा वेळ गरगरला आणि पडद्यावर निळ्या सुटातला एक भारदस्त माणूस उभा राहिला. चेहरा अर्जुनरावांचा, पोट एखाद्या ठेकेदाराचं.

"कोन होय हा?"

"तुमीच. लय चांगले दिसून राह्यले." अंग भरलेला नवरा मंजुळाबाईंनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी फोटो पुन्हा एकदा पाहिला आणि खालचं ऑर्डरचं हिरवं बटण दाबून टाकलं. ओटी दोघांच्याही ध्यानात आली नाही.

सुटातला फोटो पुण्याला पोचला आणि लगेच फोन आला. "बाबा, तब्येत सुधारली की तुमची! मले इथं उगाच काळजी लागून राह्यली होती. रात्री झोप येत नव्हती."

अर्जुनराव नुसतं "हाव" म्हणाले.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी सूट आला. त्यात नवरा-बायको दोघंही मावले असते. तेव्हा कुठे ओटीचा उलगडा झाला. दोघं तडक जीपनं धाड गावाला गेले. वकारभाई टेलरनं कोट उलटासुलटा केला.

"चाचा, एवढा आत घेतला तं दोन्ही खिसे पाठीवर जातीन."

"राहू द्या मंग. सदरा-पायजमा घाला," मंजुळाबाई म्हणाल्या.

"अन् पोरीले काय सांगू? तब्येत फोटोपुरती होती म्हनून? तिची झोप परत उडन."

भाव वाढेल या आशेनं दिवाळीपासूनचा सगळा कापूस घरातच होता, छताला टेकलेला. घरी आल्यावर अर्जुनरावांनी त्या ढिगातून ओंजळभर कापूस उचलला.

"ज्याचं माप घेतलं," ते म्हणाले, "त्यालेच संग घेऊन जाऊ."

दुसऱ्या दिवशी सदऱ्यावर ओटी आणि ओटीवर कोट चढला. एक सुरकुती दिसेना. महामाया पाया पडून उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "बाबा, अगदी मोबाइलमधल्यावानी!"

पण साठवलेल्या कापसाला खाज असते. हे कॉम्प्युटरला माहीत नसलं तरी अर्जुनरावांना माहीत होतं. मुलीच्या आनंदात ते विसरले होते. मांडव तापला तसे ते आधी खुर्चीत सरकले, मग खांबाला टेकले, शेवटी एक हात कोटाच्या आत घालून ताठ उभे राहिले.

वडनेर भोलजीचे व्याही भगवंतराव जवळ आले आणि त्यांनी उराभेट घेतली. पोटाला पोट लागताच ते थबकले. दोन बोटांनी हळूच चाचपून त्यांनी कानात विचारलं, "कधीचा हाये?"

"दिवाळीचा."

"आमच्याही घरी पडून हाये. मघापासून तुमाले पाहून मलेही खाजून राह्यलं." आणि त्यांनीही आपला हात जाकिटात घातला.

"बाबा, इकडं पाहा!" महामायानं फोटो काढला.

अर्जुनरावांचा सुटातला खराखुरा तेवढा एकच फोटो. पुढे अर्जुनराव गेले आणि घरात भिंतीवर लावायला फोटो निवडायची वेळ आली, तेव्हा महामायानं तोच निवडला. भेटायला आलेली माणसं त्याच्याकडे पाहत राहतात.

"काय रुबाब होता! एक हात कोटात, मान ताठ."

मंजुळाबाई घाईघाईनं पदर तोंडाला लावतात. त्यांचे खांदे हलू लागतात. लोकांना वाटतं, त्या रडताहेत.