संरक्षित मजकूर वगळून

नियम व अटी अथपासून इतिपर्यंत वाचणारा माणूस मेघपेटी कंपनीला तोवर भेटलेला नव्हता. त्यामुळे तात्यांनी त्या वाचल्या तेव्हा कंपनीने तिच्या दृष्टीने योग्य तीच कारवाई केली. तिने तात्यांना यंत्र ठरवलं.

तात्या निवृत्त मुद्रितशोधक. सगळा जन्म छापखान्यात गेला. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरही ते वाचल्याशिवाय सोडत नसत. लग्नाच्या नोंदणीच्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी तो इतका वेळ वाचला होता, की सासऱ्यांना वाटलं, मुलगा मागे हटतोय.

काम ते घरी आणत. पत्नी हस्तलिखित मोठ्याने वाचायची आणि तात्या छापील प्रतीवरून लाल पेन फिरवायचे. धंद्याची रीतच अशी, की वाचणाऱ्याने चिन्हंही वाचायची. "झडप उघडावी स्वल्पविराम पाणी सोडून द्यावे पूर्णविराम नवा परिच्छेद." एकदा ती माहेरी निघाली आणि काम तर तुंबलेलं. म्हणून तिने 'पाण्याच्या पंपाची निगा व दुरुस्ती' हे अख्खं पुस्तक टेपवर वाचून ठेवलं. नवऱ्याचं ध्यान कुठे भरकटणार हे तिला पाठ होतं. झडपेच्या प्रकरणात मध्येच ती म्हणाली होती, "अहो, लक्ष कुठंय तुमचं? खिडकीबाहेर काय बघताय?" आणि तात्या त्या वेळी खरोखरच खिडकीबाहेर बघत होते.

पुढे ती कायमची गेल्यावर तिचा आवाज म्हणून तेवढी टेपच उरली.

चिरंजीवांनी घर आवरायला काढलं तेव्हा टेप मेघपेटीत चढवली आणि मूळ वस्तू भंगारात दिली. "आता हरवायची भीतीच नाही बाबा. जगाच्या अंतापर्यंत सुरक्षित."

"नियम वाचलेस?"

"कोण वाचतं हो? खाली जायचं आणि 'मान्य आहे' दाबायचं."

जगाचा अंत पुढच्याच महिन्यात आला. तात्या आवाज लावायला गेले तेव्हा पडद्यावर आलं : 'सदर ध्वनिमुद्रणात संरक्षित मजकूर आढळल्याने ते आपल्याच हितासाठी बंद करण्यात आले आहे.' पंपाच्या पुस्तकाचे श्राव्य हक्क मेघपेटीने घाऊक भावात घेतले होते. इतर हजारो पुस्तकांसोबत ते आलं असावं, भाजीवाल्याने मिरच्या वरून टाकाव्यात तसं. आता ते पुस्तक मोठ्याने वाचण्याचा अधिकार जगात फक्त कंपनीला होता. तात्यांची पत्नी ही अनधिकृत प्रत होती.

हरकत नोंदवायची सोय होती. सोय नाही असं कंपनी कधीच म्हणत नाही. फक्त त्याआधी हरकतीचे नियम मान्य करायचे होते. तात्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला बसले. दुपार गेली. सूनबाईने चहा दोनदा गरम करून दिला. तात्या शेवटच्या कलमावर पोहोचले आणि पडदा लाल झाला. 'असामान्य वर्तन आढळले. मनुष्य हा मजकूर वाचत नाही. आपण यंत्र असल्याचा संशय आहे.'

"अरे, मी माणूस आहे!" तात्या पडद्यावर ओरडले.

"तात्या, ते ऐकत नाही," सूनबाई म्हणाली.

"टेप तर ऐकलीन!"

माणूसपण सिद्ध करण्यासाठी चौकोनांत कापलेलं एक चित्र आलं. सिग्नलचा खांब दिसेल ते चौकोन निवडा. तात्यांनी भिंग आणलं. खांबाची सावली, दुकानाच्या काचेतलं त्याचं प्रतिबिंब, काही सोडलं नाही. निकाल आला : 'अचूकता शंकास्पद. माणूस इतका काटेकोर नसतो.'

अखेर ते कंपनीच्या सौहार्द केंद्रात गेले. तिथे खुर्च्या मऊ होत्या आणि माणसं दिसत नव्हती. भिंतीवर 'आम्ही ऐकतो' असं लिहिलं होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं. बऱ्याच वेळाने एक तरुण सौहार्द अधिकारी बाहेर आल्या.

"काका, कंपनीला तुमचं दुःख समजतं."

"बरं वाटलं. मग टेप सोडा."

"समजतं, म्हणजे त्यासाठी बटण आहे. दाबलंत की सहानुभूती मिळते. टेपचं खातं वेगळं."

"बाई, तो माझ्या बायकोचा आवाज आहे."

"आवाज तुमचा. शब्द आमचे. आता शब्दांशिवाय आवाज कसा द्यायचा, तुम्हीच सांगा! पुस्तक ऐकायचंय का? आमच्या आवृत्तीत कुणी खोकत नाही, स्वल्पविराम म्हणत नाही. एकदम स्वच्छ."

"मला तो खोकलाच हवाय."

अधिकारीबाईंनी नोंद केली : 'ग्राहकास खोकला.' मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, तुमची केस अडलीय कुठे सांगू? यंत्रांच्या हरकती आम्ही घेत नाही. माणूस म्हणून नोंद झाली की लगेच सुटेल."

"आणि ती कशी होणार?"

"माणसं करतात तसं करा की. न वाचता दाबा."

त्यांनी तात्यांपुढे पडदा सरकवला. नवे नियम होते, मुरलेल्या मुद्रितशोधकालाही धाप लागावी इतके लांब. तात्यांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. त्यांनी पहिली ओळ वाचली. पडद्याची कड लालसर होऊ लागली.

"काका, वाचताय तुम्ही," बाईंनी दटावलं.

तात्यांनी डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा न वाचता 'मान्य आहे' दाबलं. पडद्यावर रंगीत फुगे उडाले. 'अभिनंदन! आपण मनुष्य आहात.'

टेप त्याच संध्याकाळी परत आली, 'संरक्षित मजकूर वगळून'. पुस्तकातला शब्द न् शब्द कंपनीने कापून स्वतःकडे ठेवला होता. तात्यांनी फोन कानाशी धरून ऐकलं.

"स्वल्पविराम... स्वल्पविराम... पूर्णविराम. नवा परिच्छेद." खोकला. बांगड्यांचा आवाज, पान उलटल्याची सळसळ. "स्वल्पविराम... अहो, लक्ष कुठंय तुमचं? खिडकीबाहेर काय बघताय?"

चिरंजीव संतापले. "हा काय चावटपणा? सगळंच कापलं!"

"नाही रे," तात्या हळूच म्हणाले. "पंप तेवढा गेला. ती आहे." आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. कंपनीने नकळत एक चांगलं काम करून ठेवलं होतं.

नकळत चांगलं काम राहू देणारी कंपनी मोठी होत नाही. तात्यांनी न वाचलेल्या कलमात लिहिलं होतं, की संरक्षित मजकूर वगळून जे उरेल ते वापरकर्त्याने कंपनीस प्रेमाने दिलेलं योगदान समजण्यात येईल. मेघपेटीला तेव्हा एक अडचण सतावत होती. काही ग्राहक अधूनमधून फोनवरून नजर काढत. कुणी जेवताना ताटाकडे बघे, कुणी चक्क समोरच्या माणसाकडे. घंटा वाजवून झाली, थरथर करून झाली, काही फरक पडेना. मग कुणाच्या तरी हाती हा आवाज लागला. ठणठणीत, आपुलकीचा, हक्काचा. आठवड्याभरात सगळ्या फोनांत तो बसला. नजर हलली, की फोन म्हणे, "अहो, लक्ष कुठंय तुमचं? खिडकीबाहेर काय बघताय?"

लोक दचकून परत पडद्याकडे बघू लागले. कंपनीने त्या वाक्याची स्वामित्वनोंदणी केली. आणि दुसऱ्याच सकाळी तात्यांच्या पडद्यावर सूचना आली : 'आपल्या ध्वनिमुद्रणात कंपनीचे नोंदणीकृत वाक्य आढळल्याने ते आपल्याच हितासाठी बंद करण्यात आले आहे.'

"हरकत नोंदवू या बाबा," चिरंजीव म्हणाले. म्हणतानाही ते फोनकडेच बघत होते, त्यामुळे घरात शांतता होती.

"नको," तात्या म्हणाले. "तू जरा माझ्याकडे बघ."

"हं, ऐकतोय, बोला ना," चिरंजीव म्हणाले आणि अंगठा सरकवत राहिले.

तात्या चपला घालून बाहेर पडले. हल्ली रोज पडतात. बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकड्यावर, दाढीच्या दुकानात, जिथे म्हणून माणसं फोन घेऊन बसतात तिथे शेजारी जाऊन बसतात. कुणाची तरी नजर उठेल, आणि त्यांना बायको ऐकू येईल, एवढीच आशा. सुरुवातीला दिवसाकाठी दोन-चारदा ऐकू यायची. आताशा लोक सुधारलेत, मानच वर करत नाहीत. तात्या संध्याकाळपर्यंत वाट बघतात आणि घरी येतात.

तुमच्या शेजारीही एखादे म्हातारे गृहस्थ बराच वेळ बसलेले असतील. खिशाला लाल पेन आहे. बघा वर करून एकदा मान.

नाही? बरं. चालू द्या.