अंबादास अण्णांचं चेकिंग

अंबादास अण्णांच्या हातून आजवर एकही पिक्चर पास झालेला नाही. मराठी नाही, हिंदी नाही, आणि घरची भाषा तेलुगू असूनही तेलुगू तर मुळीच नाही. परदेशातून बक्षिसं घेऊन आलेली एक खुनाची मालिका मी त्यांना मोठ्या हौसेने दाखवली. सगळे भाग त्यांनी निमूटपणे बघितले आणि शेवटी उठताना म्हणाले, "बाई, पहिल्या भागात गॅसवर दूध ठेवलं होतं. ते उतरवलं का कोणी?"

"अण्णा, त्या बाईचा खून झाला. ती दूध कुठून उतरवणार?"

"तेच म्हणलालोय मी. बाई मेली, घरात कोण न्हाय, गॅस चालू. पोलीस आले, फोटो काढले, निघून गेले. आजूबाजूला लेकरंबाळं असतील की. सेकंडमध्ये टाका."

हा 'सेकंड' समजल्याशिवाय अण्णा समजायचे नाहीत. अण्णांची सगळी नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्यात, चेकिंगच्या टेबलावर झाली. मागावरून उतरलेला माल टेबलावर पसरायचा आणि त्यावरून हात फिरवत सुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडा काठ हुडकायचा. निर्दोष माल पास, बाकीचा सेकंड, म्हणजे कमी भावात काढायचा. अण्णा निवृत्त झाले, टेबल सुटलं, पण चेकिंग काही सुटलं नाही. आता टेबलाच्या जागी आमचा टीव्ही आहे.

आमच्या दोघांच्या घरांत एक भिंत. मी हायस्कुलात भूगोल शिकवते, म्हणून सगळ्या गल्लीची मी 'बाई'. अण्णांच्या घरीही टीव्ही आहे आणि तो आमच्यापेक्षा मोठा आहे. पण काकू गेल्यापासून त्यांना एकट्याने काही बघवत नाही. काही झालं तर धावायला दुसरं माणूस पाहिजे, असं ते म्हणतात. पडद्यावर झालं तर की घरात झालं तर, हे मी कधी विचारलं नाही. ते आले की आमचे हे कानात बोळे घालून मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जातात आणि परीक्षण ऐकायचं भाग्य एकट्या माझ्या वाट्याला येतं.

बरं, दोष काढावेत तर चारचौघांसारखे तरी काढावेत. अभिनय बरा नाही, गाणी लांबली, शेवट गुंडाळला, वगैरे. ते नाही. अण्णांना फक्त काळजीचे दोष दिसतात. हिरो विमानातून उडी मारतो तेव्हा ते शांत असतात, पण तोच हिरो मोटारसायकलवर हेल्मेटशिवाय बसला की त्यांचा जीव खालीवर होतो. एका पिक्चरमध्ये नायक-नायिका पावसात चिंब भिजून गाणं म्हणत होते. गाणं तसं सुरेख होतं, मी जरा रंगले होते. अण्णा म्हणाले, "टॉवेल तरी द्या की कोणतरी." एका ग्रामीण पिक्चरवर पेपरवाले वेडे झाले होते. त्यात एका विहिरीचा आणि तिच्याकडे चाललेल्या लेकराचा लांबच लांब शॉट आहे, आणि त्यात म्हणे साऱ्या गावाचं दुःख आहे. अण्णांनी तेवढा वेळ डोळे मिटून घेतले. "कठडा न्हाय विहिरीला," ते म्हणाले. "ते लेकरू पुढं गेलं का मागं आलं, तेवढं सांगा."

माझीही काही मतं असतात. मला मंद गतीचे, कमी बोलणारे पिक्चर आवडतात. हल्लीच्या मालिका उगाच लांबवतात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मूळची सात-आठ भागांची गोष्ट लोकांना आवडली म्हणून तिला दुसरं शेपूट जोडतात, याचा मला मनापासून राग येतो. पण अण्णांशेजारी बसून ही मतं टिकत नाहीत. परवा शाळेतल्या मैत्रिणींबरोबर एक गाजलेला पिक्चर बघायला गेले. नायिका रागाने घर सोडून निघाली, सगळं थिएटर मुसमुसत होतं, आणि मी मनात म्हणत होते की हिने दाराला कुलूप लावलं नाही. माझं रसिकपण या माणसाने कायमचं नासवलेलं आहे.

या सगळ्या काळजीचं मूळ मुंबईत आहे. अण्णांची एकुलती एक मुलगी भाग्या तिथे मालिकेत काम करते. काम म्हणजे फार मोठं नाही, नायिकेच्या नणंदेचं. चहाचा ट्रे आणायचा, "वहिनी, दादा आलाय" म्हणायचं, आणि घरात भांडण सुरू झालं की जिन्याजवळ उभं राहून घाबरायचं. पण रोज साडेसातला, सोमवार ते शनिवार, ती दिसायची.

भाग्याचा फोन एक दिवसाआड येतो. फोन कानाला लावला तर मेंदूला धोका असतो म्हणून अण्णा तो स्पीकरवर ठेवून हातभर लांब धरतात. त्यामुळे त्यांचं बोलणं मलाही पाठ आहे. "मी मस्त आहे पप्पा." "जेवण मस्त आहे." "खोली मस्त आहे." व्हिडिओवर ये म्हटलं की नेट नसतं. चार मुली एका खोलीत राहतात, ती खोली बापाला दिसू नये म्हणून नेट नसतं, हे मला कळत होतं. अण्णांनाही कळत होतं. ते मला एकदाच म्हणाले, "फोनवर मस्त हाय म्हणती. टीव्हीवर खरं दिसतं."

म्हणून साडेसातला ते सोफ्यावर न बसता खुर्ची घेऊन टीव्हीच्या अगदी जवळ बसायचे. भाग्या पडद्यावर अर्धा-पाऊण मिनिट. तेवढ्यात अण्णांची नजर टेबलावरच्या हातासारखी फिरायची. "वाळलीय. दंड बगा." "डोळ्याखाली पावडर जास्त लावलीय, झोप न्हाय." "आवाज बसलाय, गार पाणी पिलालीय." मालिकेत काय चाललंय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. नायिकेचा नवरा दोनदा बदलला, तेही मीच सांगितलं.

टायटल साँगच्या शेवटी सगळं कुटुंब जिन्यावर उभं राहून हसतं. त्यात भाग्या अगदी कडेला, आणि तिच्यापुढे मालिकेतला चुलता. त्याच्या खांद्याने तिचा अर्धा चेहरा झाकला जायचा. अण्णांचा या चुलत्यावर फार राग होता. "एवढी जागा हाय जिन्यावर. जरा सरकला तर काय जातंय याचं?" असं ते रोज म्हणायचे.

आणि मग एका शुक्रवारी मालिकेतल्या नणंदेला ट्रकने उडवलं.

अण्णा उठून उभे राहिले. मी म्हटलं, "अण्णा, मालिका आहे." ते म्हणाले, "ठाव हाय की." पण बसले नाहीत. नंतर हॉस्पिटल दाखवलं. भाग्या डोक्याला पट्टी बांधून निपचित पडलेली आणि डॉक्टर म्हणत होते, आता काही सांगता येत नाही. अण्णा पडद्याला नाक लावून बघत होते. "सलाईन टपकत न्हाय," ते म्हणाले. "बाटली नुसती टांगून ठेवलीया."

मुलीला फोन करून विचारायची सोय नव्हती. पुढची गोष्ट घरीसुद्धा सांगायची नाही अशी तिच्याकडून सही घेतलेली. ती फोनवर नेहमीसारखी मस्त होती. अण्णा तिला गावातल्या उकाड्याबद्दल सांगायचे आणि फोन ठेवला की माझ्याकडे बघायचे. नणंद मेली तर काम गेलं, आणि काम गेलं तर साडेसातला दिसणारी भाग्याही गेली. मग ती खरी कशी आहे, हे त्यांना कोण सांगणार होतं?

गल्लीला अर्थातच एवढं खोलात जायचं नव्हतं. गल्ली सरळ चौकशीला आली. समोरच्या वहिनी भांड्यात खीर घेऊन आल्या आणि हळू आवाजात विचारलं, "शुद्धीवर आली का हो?" अण्णांनी खीर घेतली आणि म्हणाले, "अजून न्हाय. उद्या बगू." मी दारात उभी होते. हसावं की काय करावं, मला सुचेना.

गुरुवारी अण्णा एसटीने अक्कलकोटला गेले. अभिषेक सांगितला. पुजाऱ्यांनी रुग्णाचं नाव विचारलं आणि अण्णा अडले. मालिकेतलं नाव सांगावं तर ती बाई जगात नाही. तिच्यासाठी केलेलं पोचणार कुठं? मागे रांग ओरडायला लागली, तेव्हा ते घाईघाईने "भाग्यश्री" म्हणाले. झालं. परतीच्या एसटीत त्यांच्या लक्षात आलं की आपण चांगल्या धडधाकट पोरीला देवापुढे आजारी म्हणून सांगून आलो. ती रात्र त्यांनी कशी काढली कोण जाणे. सकाळी पुन्हा एसटी धरून ते गेले आणि म्हणे समाधीसमोर उभं राहून खुलासा करून आले.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हणलं, पोरगी बरी हाय. तिचं काम आजारी हाय. तेवढं बगा."

मी हसले नाही. तोवर मलाही धसका बसला होता. शाळेत तास घेताना मध्येच वाटायचं, आज काय दाखवतील? मालिकांबद्दलची माझी सगळी स्पष्ट मतं गुंडाळून ठेवून मी मनात म्हणत होते की लांबवा, वाटेल तेवढी लांबवा, दुसरं शेपूट जोडा, पण तिला पलंगावर पडून राहू द्या. निपचित का होईना, रोज दिसते तरी.

त्या दिवशी साडेसातला टायटल साँग सुरू झालं. अण्णा खुर्चीवर पुढे वाकून बसले होते. शेवटी कुटुंब जिन्यावर आलं, हसलं. आणि अण्णा उठले.

"काय झालं?"

"चुलता सरकलाय," ते म्हणाले. "त्याच्या मागं कोण न्हाय."

मला काहीच दिसलं नव्हतं. ते चप्पल घालून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. मी एकटीने भाग बघितला. नणंद गेली. नायिका रडली, भाऊ रडला, आणि इतके दिवस हलकं काम म्हणून ज्याच्याकडे मी बघत होते, ते भाग्याने त्या पाच मिनिटांत असं केलं की मी उठून अण्णांच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. भावाचा हात धरून काहीतरी बोलायला गेली, बोलली नाही, आणि गेली.

मी बाहेर आले. इतक्यात फोन वाजला आणि त्यांनी सवयीने तो हातभर लांब धरला.

"पप्पा, बघितलं का?" भाग्याचा आवाज नेहमीसारखा मस्त नव्हता. "आता सांगू शकते. संपलं माझं. पण एवढा मोठा सीन मला पहिल्यांदाच मिळाला. तुम्ही बघितला ना? कसा झाला?"

जगातल्या यच्चयावत पिक्चरवर ज्या अण्णांचं मत तयार असतं, त्यांच्याकडे नेमकं हे एक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून 'छान, छान' अशी खूण केली. त्यांना ती चालली नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांनी त्यांनी कधी माल पास केलेला नव्हता.

"आवाज तुटलालाय," ते म्हणाले. "दहा मिनिटांनी मीच करतो." मग उठून मला म्हणाले, "लावा परत."

"अण्णा, राहू द्या. मी सांगते तुम्हाला काय काय केलं तिने."

"पोरीनं विचारलंय, बाई."

मी मोबाइलवर तो भाग काढून टीव्हीला जोडला. अण्णा खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी पडद्याकडे बघत राहिले. ती बोलायला गेली, थांबली, मान कलंडली. भावाने हंबरडा फोडला. नर्सने तोंडावर चादर ओढली, कॅमेरा वर गेला, संगीत वाढलं.

"थांबवा," अण्णा म्हणाले. "जरा मागं घ्या."

मी मागे घेतलं. ते उठून अगदी जवळ गेले आणि पडद्यावर, चादरीवर, बोट ठेवलं. कारखान्यात सुटलेल्या धाग्यावर ठेवत असतील तसं.

"हितं बगा. पोट हललालंय."

खरंच हलत होतं. मेल्यानंतर, चादरीखाली, अगदी बारीक, वर-खाली. नायिकेच्या रडण्यात कुणाचं लक्ष जाणार नाही असं. दिग्दर्शकाचं गेलं नव्हतं, माझंही दोनदा बघून गेलं नव्हतं.

आता हा माणूस पोरीला हे सांगणार. तिच्या आयुष्यातला पहिला मोठा सीन, हातचं काम गेलेलं, आणि बाप म्हणणार, मेल्यावर श्वास घेत होतीस, सेकंडमध्ये टाक. मी म्हटलं, "अण्णा, आज नको."

त्यांनी माझ्याकडे लक्ष न देता फोन लावला. पलीकडे एका रिंगमध्येच उचलला गेला.

"बघितला," अण्णा म्हणाले. "पास हाय."

भाग्या म्हणाली, "पूर्ण पास? एकही फॉल्ट नाही?"

"एकपण न्हाय. हात फिरवून बघितलं."

ती रडायला लागली असावी, कारण अण्णांनी फोन पहिल्यांदाच कानाला लावला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तेलुगूत बोलत होते. फोन ठेवून ते परत खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "बाई, ते चादर ओढतात की, तिथनं लावा."

मी लावलं. मग परत लावलं. नायिकेच्या रडण्याचा आवाज मी बंद करून टाकला. अण्णा चादरीकडे बघत बसले होते आणि चेहऱ्यावरची काळजी पहिल्यांदाच थोडी उतरली होती.

"नीट घेलालीय की श्वास," ते म्हणाले. "सर्दीबिर्दी काय न्हाय."