ठोसरांचा क्रीप

आमच्या ऑफिसात ठोसरांसमोर 'दमले बाई' म्हणायची सोय नव्हती. लगेच त्यांचा चष्मा कपाळावर जायचा आणि चौकशी सुरू व्हायची. "लोड येऊन-जाऊन आहे, की सतत?"

येऊन-जाऊन असेल तर तो फटीग. सतत असेल तर क्रीप. दमणं हा शब्द त्यांच्या लेखी अशास्त्रीय होता.

"क्रीप म्हणजे," ते सुरू करायचे, की आपण निमूट खुर्ची ओढून घ्यायची. "धातूवर वजन टांगलं. त्याला सहज पेलेल असंच. तुटणार नाही, कुरकुरणार नाही. पण ते वजन काढायचंच नाही. मग तो हळूहळू लांबत जातो. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. याला क्रीप म्हणतात. उगाच 'ताण आलाय' असं मोघम बोलू नये."

ठोसरांची उमेदीची वर्षं पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये धातू ओढून बघण्यात गेली होती. बाजार खुला झाला, लॅब बंद झाली, स्वेच्छानिवृत्ती या गोड नावाखाली त्यांना घरी बसवलं. मग ते कोथरूडला आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तकं तपासायला आले, वर्षावर्षाच्या करारावर. आम्ही सगळे तिशीच्या आतबाहेरचे आणि बारा महिने पेंगुळलेले. एवढं तयार गिऱ्हाईक त्यांना पिंपरीतही मिळालं नसेल.

बुधवार पेठेतून डाग द्यायची सोल्डरची तार आणून त्यांनी टेबलाशेजारी टांगली होती, खाली स्टेपलर बांधून. तार किती लांबली, याची रोज सकाळी पेन्सिलीनं खूण व्हायची. सफाईच्या मावशींना तो नवस वाटायचा. त्या तेवढा कोपरा लांबूनच पुसायच्या. वाकलेली फळी, कपड्यांची झोळ आलेली दोरी, एकदा तर सोसायटीच्या चेअरमनचं पोट, ठोसरांना सगळीकडे क्रीप दिसायचा.

एका सोमवारी मात्र हा शब्द त्यांच्या अंगाशी आला.

आमचा मॅनेजर अमेरिकेहून नुकताच परतलेला, मराठी बेताचं. म्हणून मीटिंग इंग्रजीत. मी टीम लीड, त्यामुळे कामांची वाटणी वाचून दाखवत होते. टीममधल्या शलाकाचं नाव आलं तसे ठोसर उठून म्हणाले, "शलाका हॅज क्रीप. आय ॲम वॉचिंग इट फॉर वीक्स."

त्या शब्दाचा अमेरिकेतला अर्थ लोचट, किळसवाणा माणूस. मॅनेजरचे कान लाल झाले. "हू इज ही?"

"'ही' नाही सर, 'इट'!"

सगळ्यांनी शलाकाशेजारच्या कुलकर्णीकडे पाहिलं. कुलकर्णीनं खुर्ची हातभर लांब सरकवली.

दुपारी एचआरच्या केबिनमध्ये ठोसर, शलाका, मॅनेजर आणि मी. करार संपायला महिना उरलेला, आणि ठोसरांचे हात मांडीवर घट्ट. एचआरची मुलगी हळुवारपणे म्हणाली, "शलाका, घाबरू नकोस. ठोसर सर तुझ्यावर नजर ठेवून असतात का?"

"कोणी काही केलं नाही, मॅडम."

ठोसरांना राहवेना. "मी एकच विचारतो. लोड कधीपासून आहे, बाळ?"

"दिवाळीपासून. दोघं सोडून गेले ना, त्यांचं काम माझ्याकडेच आहे."

"सांगितलंस कुणाला?"

"सांगायचं काय सर? होऊन जाते ना." यवतमाळची पोर हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे घळघळा वाहायला लागले. तिलाच त्याचं नवल वाटलं.

मॅनेजरनं कामांच्या वाटणीचा कागद मागून घेतला. मग त्यानं तिची निम्मी कामं काढून माझ्यापुढे सरकवली. ठोसरांचा करार वाढला. अट एकच: मीटिंगमध्ये धातूंविषयी बोलायचं नाही.

संध्याकाळी त्यांची बस चुकली, म्हणून मी त्यांना स्कूटीवरून वारज्याला घरी सोडलं. चहा घेतल्याशिवाय जाऊ देईनात. जिन्याखाली मात्र थांबले.

"वर जाण्याआधी सांगून ठेवतो. माझी नोकरी गेल्यावर बायकोनं, नलिनीनं, घरी गणिताचे क्लास घेतले. सकाळ-संध्याकाळ, वर स्वयंपाक, माझी चिडचिड. विचारलं की म्हणायची, 'ठीक आहे हो.' एक दिवस शिकवता शिकवता तिनं खडू खाली ठेवला आणि मला म्हणाली, 'आता मला घरी न्या.'" ते कठडा धरून उभे होते. "क्लास आमच्या हॉलमध्येच होता. तेव्हापासून तिनं कुठल्याच कामाला हात लावलेला नाही."

मग ते जिना चढायला लागले. मी त्यांच्या मागोमाग.

दार त्यांनी किल्लीनं उघडलं. नलिनीताई खिडकीशी बसल्या होत्या. नीट विंचरलेले केस, मांडीवर हात. ठोसरांनी माझी ओळख करून दिली आणि चहा टाकायला निघाले.

"मी करते," त्या म्हणाल्या.

ठोसर जागीच थबकले. मग घाईघाईनं माझ्यासमोर येऊन बसले, परत उठले, परत बसले. आत गॅस पेटल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर खाली वळवली.

बऱ्याच वेळानं दोन कप आले. साखर घालायची राहिली होती. मी ठोसरांकडे बघत कप संपवला.

"फक्कड झालाय," ते म्हणाले, आणि रिकामा कप नलिनीताईंपुढे धरला. "अजून आहे?"