बोटं पुसणारा स्कॅनर

पुंडलिकनगरच्या अभयनं आपल्या झेरॉक्सच्या दुकानात नवा स्कॅनर आणला आणि सगळ्या गल्लीला ऐकवून टाकलं, की आता कागद काचेवर टेकवायचीसुद्धा गरज नाही. मशीन वरूनच बघतं. पान फुगलेलं असो की पापडासारखं वाकलेलं, प्रत निघणार ती इस्त्री केल्यासारखी! मग बापडा कुणाचा तरी वाकडा कागद येण्याची वाट बघत बसला.

शेवटी बजाजनगरहून कडुबाकाका आले. वाळूजच्या एका कंपनीत फिटर. लेकीचं, रूपाचं लग्न ठरलेलं. त्यांच्या अल्बमात तान्ह्या रूपाचा खुर्चीत बसवलेला पानभर फोटो होता, तो मोठा करून लग्नाच्या हॉलमध्ये लावायचा होता. ओल लागून पान पार वाकलेलं, आणि फोटो असा चिकटलेला की काढायला जावं तर फाटणारच. नवरीच्या लग्नात बाळाचा फोटो कशाला, हे अभयनं विचारलंच नाही. त्याचं सगळं लक्ष वाकलेल्या पानाकडं.

पान सारखं मिटत होतं म्हणून काकांनी ते कडेनं दाबून धरलं. लाइट चमकला. अभयनं ऐटीत स्क्रीन फिरवली. फोटो सपाट, रंग झकास आणि काकांची बोटं गायब! पान धरणाऱ्याची बोटं मशीन आपोआप पुसतं, हे सांगताना त्याची छाती दुकानात मावेना.

काका स्क्रीनजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "पोरीला धरलंय कुणी?"

खरंच, बाळ अधांतरी बसलं होतं. मूळ फोटोत खुर्चीमागून कुणाची तरी बोटं बाळाच्या काखेत आली होती. मशीननं तीही पुसून टाकली होती.

"ती रूपाच्या आईची व्हती," काका म्हणाले. "अंगावरली साडी धड नाय म्हणून खुर्चीमागं दडली. पोरगी चालायला लागायच्या आधीच ती गेली. आमच्या लग्नात फोटोवाला आलाच नव्हता. तिचा एवढाच फोटो हाय, भाऊ."

अभयनं घाईघाईनं बोटं पुसायची सोय बंद केली आणि पुन्हा स्कॅन केलं. आता आईची बोटं आली, पण दुसऱ्या कडेनं काकांचीही आली, नखांतल्या काळ्या ऑइलसकट. तो ओशाळला. तुमची तेवढी मी पुसून देतो, म्हणाला.

काका स्क्रीनकडं बघत राहिले. एका बाजूला तिची बोटं, एका बाजूला त्यांची, मध्ये रूपा.

"राहू दे भाऊ," ते म्हणाले. "फोटो काढला त्या दिवशी मला सुट्टी नव्हती भेटली."