विराबिनची दुखापत प्रतिबंधक समिती

फेब्रुवारी महिन्यात विराबिन गावात फुटबॉलचा एकही सामना नसतो, आणि म्हणूनच फुटबॉलवरची सगळ्यात गंभीर चर्चा याच महिन्यात होते. सामने सुरू झाले की समोर काय चाललंय ते निदान बघावं तरी लागतं. हंगामाआधी तसलं काही बंधन नसतं. हा फुटबॉल आमचा ऑस्ट्रेलियातला, त्यात चेंडू लाथेने मारतात, उडी घेऊन हाताने झेलतात आणि मुठीने ठोसूनही देतात.

चर्चेचं अधिकृत ठिकाण म्हणजे बेकरीबाहेरचं सावलीतलं टेबल. अधिकृत अशासाठी की निवृत्त पोस्टमास्तर नेव्हिल प्रॉबर्ट तिथे बसतो, आणि नेव्हिल जिथे बसतो ती जागा थोड्या वेळात आपोआप अधिकृत होते. त्याच्या एका बाजूला स्टाव्रोस असतो. त्याचं तळलेल्या माशांचं दुकान दुपारपर्यंत उघडत नाही, त्यामुळे सकाळभर त्याला संघाची काळजी करता येते. दुसऱ्या बाजूला बेरिल हॅनरहान. तिने क्लबच्या शेगडीवर बापलेकांच्या दोन पिढ्यांसाठी सॉसेज भाजले, त्यामुळे प्रत्येक खेळाडूचं पोट, आणि पर्यायाने स्नायू, आपल्या अखत्यारीत येतात असं ती मानते.

विराबिन पेलिकन्स हा आमचा संघ मागच्या हंगामात शेवटून दुसरा आला होता. शेवटचा संघ हंगामाच्या मध्यातच बंद पडला होता. प्रशिक्षक लीथ कॅथकार्ट दिवसा शाळेत व्यायाम शिकवतो आणि संध्याकाळी संघाला. संघाच्या कामाचं त्याला मानधन नाही, सल्ला मात्र नियमित मिळतो.

एका सकाळी बेरिल बातमी घेऊन आली. "डॅन्कोची मांडी गेली."

डॅन्को व्हुकोविच हा गव्हाच्या शेतातला मुलगा, गोलच्या खांबांना भाऊ शोभेल एवढा उंच. संघाचे निम्मे गोल तो मारतो, उरलेले निम्मे बहुतेक कोणीच मारत नाही.

"गेली म्हणजे कुठे गेली?" स्टाव्रोसने विचारलं.

"मागचा स्नायू ताणला. लीथने धरणाच्या बांधावर पळवलं म्हणे."

नेव्हिलने कॉफी खाली ठेवली. "पळवलं? या उन्हात? अरे, आमच्या वेळी हंगामाआधी कोणी पळत नसे. उन्हाळाभर प्यायलेली बिअर पोटात घेऊन आम्ही पहिल्या सामन्याला उतरायचो. तिथेच घामावाटे निघायची."

"पळवलं कमी, म्हणून ताणला," स्टाव्रोस म्हणाला. "रोज पळवलं असतं तर स्नायूला सवय झाली असती."

"म्हणजे आणखी पळवायला हवं होतं म्हणतोस?"

"नाहीतर मग मुळीच नको. हे मधलं जे करतो ना लीथ, ते वाईट."

दोघांची मतं एकमेकांच्या उलट होती, पण दोष एकाच माणसाचा निघाला. ज्या चर्चेतून दोष एकाच माणसाचा निघतो ती चर्चा आमच्याकडे शास्त्रीय समजली जाते.

लीथच्या कानावर हे गेलं. तो भला माणूस, त्याने पळवणं थांबवलं आणि पोरांना पोहायला नेलं. तिथे एकाचा घोटा मुरगळला. पाण्यात नाही, पाण्यातून बाहेर येताना, ओल्या फरशीवर. दुसऱ्या दिवशी टेबलावर एकच प्रश्न होता: जमिनीवर खेळायच्या खेळासाठी माणसाला पाण्यात नेतं कोण?

मग क्लबच्या अध्यक्ष ग्वेन टोलहर्स्ट यांना सभा बोलवावी लागली. ग्वेनबाई गुरांच्या डॉक्टर. हाडं, स्नायू आणि सांधे यांच्याविषयी शिकून बोलणारं गावात दुसरं कोणी नाही, म्हणून त्यांना त्याविषयी कोणी विचारत नाही. सभेला जेवढी माणसं आली तेवढी सामन्यांना येत नाहीत.

"मला थोडं सांगायचं होतं," लीथ म्हणाला.

"प्रशिक्षकाचं म्हणणं शेवटी घेऊ," नेव्हिल म्हणाला. शेवटी वेळ उरला नाही.

ठराव असा झाला की खेळाडूंच्या शरीरांचं हित लक्षात घेऊन एक दुखापत प्रतिबंधक समिती नेमण्यात यावी, आणि प्रशिक्षकाने कोणताही सराव घेण्याआधी समितीची पूर्वसंमती घ्यावी. अध्यक्ष नेव्हिल, सदस्य स्टाव्रोस आणि बेरिल. निवडणूक झाली नाही, कारण ते तिघे पुढच्या रांगेत बसले होते.

समितीने कामाला मनापासून हात घातला, यात शंका नाही. धावण्याने मांडी जाते हे सिद्धच होतं, सबब धावणं बंद. उडी मारून चेंडू झेलताना गुडघा जाऊ शकतो, सबब उडी बंद. लाथ मारण्यात जांघेला धोका, अंगावर जाण्यात खांद्याला. राहिला हाताने चेंडू ठोसून देणं. तो सराव पोरं उभ्या उभ्या करत होती, तेवढ्यात एकाचा अंगठा दुखावला.

"आता काय करायचं?" लीथने कुंपणापाशी येऊन विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. इतकी वर्षं शाळेत काढल्यावर तो राहत नाही.

"मनोबल वाढव," नेव्हिल म्हणाला.

"ते कसं?"

"ते प्रशिक्षकाने बघायचं. आम्ही तुझ्या कामात ढवळाढवळ करणार नाही."

तेव्हापासून पेलिकन्सचा सराव क्लबच्या खोलीत, खुर्च्यांवर बसून, पंख्याखाली होऊ लागला. जुन्या सामन्यांच्या चित्रफिती दाखवल्या जात. त्या बघताना बचावफळीतल्या एकाची झोपेत मान अवघडली, तर समितीने तातडीची बैठक घेऊन उशा मंजूर केल्या. बेरिलने स्वतःच्या घरून आणल्या, फुलाफुलांच्या.

डॅन्को या सगळ्याला सुरुवातीला हसला. मग त्याला समजलं की शेजारच्या मुरांग गावच्या संघाशी होणारा सरावाचा सामना बघायला शहरातल्या एका मोठ्या क्लबचा माणूस येणार आहे, आणि तो त्यालाच बघायला येतोय. त्याच दुपारी तो बेकरीच्या टेबलापाशी आला. टोपी हातात होती.

"ग्वेनबाईंनी मांडी तपासली," तो म्हणाला. "आता हळूहळू पळायला लाग म्हणाल्या. पळू ना?"

"ग्वेन गाईंना तपासते," नेव्हिल म्हणाला.

"त्या म्हणाल्या, स्नायू तोच असतो."

"हे बघ बाळा," बेरिलने त्याचा हात धरला. तिला खरंच वाईट वाटत होतं. "तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे म्हणून तर जपतोय तुला. उद्या पळालास आणि परत ताणला तर?"

"पण मी बसूनच राहिलो तर तो माणूस बघेल काय?"

याचा समितीने थोडा विचार केला.

"उंची बघेल की," स्टाव्रोस म्हणाला.

डॅन्को तिथून निघाला आणि सरळ लीथच्या दारात जाऊन उभा राहिला. लीथने उंबऱ्यातच त्याचं सगळं ऐकून घेतलं. पोराचं म्हणणं रास्त होतं. पण स्नायू परत ताणला असता तर गाव एकदाच बोललं असतं आणि विसरलं असतं. पोराची संधी मात्र कायमची गेली असती, आणि ती ओळखणारा माणूस गावात लीथ एकटाच होता. समितीची त्याला भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती समितीचंच बरोबर निघण्याची.

"पहाटे ये," शेवटी तो म्हणाला. "धान्याच्या कोठारांमागे. दुखलं की थांबायचं. मला दाखवायला म्हणून पळायचं नाही."

"हो, कोच."

मग कापलेल्या गव्हाच्या खुंटांमधून ते दोघे रोज पहाटे पळत. आधी चालणं, मग दुडकी चाल, मग धावणं. एकदा डॅन्को मध्येच थांबला आणि वाकून मांडी धरली. लीथचा चेहरा उतरला. "माशी चावली, कोच," डॅन्को म्हणाला. त्या दिवशी लीथ शाळेत दिवसभर विनाकारण खूश होता.

सामना आला तोवर क्लबच्या इतिहासात न घडलेली गोष्ट घडली होती: संघात एकही जखमी खेळाडू नव्हता. नेव्हिलने ही घोषणा कर्ण्यावरून केली. मैदानाभोवती गाड्या लावून बसलेल्या लोकांनी भोंगे वाजवले. मुरांगच्या खेळाडूंना वाटलं कोणीतरी गोल केला.

मग सामना सुरू झाला. महिनाभर उशीला टेकलेली आमची पोरं चारपैकी पहिला क्वार्टर संपायच्या आत धापा टाकू लागली. चेंडू डाव्या टोकाला गेला की ती मधोमध पोचलेली असत, आणि ती डाव्या टोकाला पोचेपर्यंत तो उजवीकडून गोलमध्ये गेलेला असे. कोणाला काही लागलं मात्र नाही, कारण लागण्याइतकं कोणी कोणाच्या जवळ पोचलंच नाही. बेरिलने हे दर क्वार्टरला आवर्जून सांगितलं.

पळत होता तो एक डॅन्को. चेंडू क्वचित त्याच्याकडे यायचा, पण आला की तो मुरांगच्या दोन दोन गड्यांच्या डोक्यांवरून झेप घेऊन तो खाली आणायचा. तो पहिल्यांदा उडाला तेव्हा नेव्हिलने डोळे मिटले. पुढच्या वेळी उघडे ठेवले. आमच्या संघाचे सगळे गोल त्याने मारले, आणि आम्ही तरीही इतक्या फरकाने हरलो की फलकावर आकडे बदलणारा माणूस दमून खाली बसला.

शहराहून आलेल्या माणसाने सामना संपल्यावर डॅन्कोशी हात मिळवला, थोडं बोलला, आणि पुढच्या आठवड्यात डॅन्को बॅग घेऊन बसमध्ये बसला. लीथ त्याला सोडायला आला होता. समितीही आली होती, फोटोसाठी.

टेबलावर या घटनेची छाननी झाली.

"पोरगं तंदुरुस्त राहिलं ते समितीमुळे," बेरिल म्हणाली.

"निर्विवाद," नेव्हिल म्हणाला.

"आणि संघ हरला तो?" बेरिलने विचारलं.

"सरावच नाही घेतला लीथने," स्टाव्रोस म्हणाला. "महिनाभर पोरांना खुर्च्यांवर बसवलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"वर आपला गोल मारणारा एकमेव गडी त्याने शहराला देऊन टाकला," नेव्हिल म्हणाला. "चोरून सराव घेत होता म्हणे. एकट्याला शिकवलं आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं. याला प्रशिक्षक म्हणतात?"

दुसरी सभा झाली. या वेळी लीथला बोलायला वेळ दिला गेला.

"सराव तुम्हीच बंद केला होता," तो म्हणाला.

"आम्ही समर्थक आहोत," नेव्हिल शांतपणे म्हणाला. "आम्ही काहीही सांगू. ज्याला कणा आहे तो प्रशिक्षक ऐकत नाही."

"मी ऐकलं नाही तेव्हाच डॅन्को तयार झाला."

"तेच म्हणतोय. तू समितीचं ऐकत नाहीस."

ग्वेनबाई हसू लपवण्यासाठी पाणी प्यायल्या. मतदान झालं. लीथला आदरपूर्वक मोकळं करण्यात आलं आणि त्याच्या सेवेबद्दल टाळ्या वाजवण्यात आल्या. त्या मनापासून होत्या. आमच्या गावात गेलेल्या प्रशिक्षकाबद्दल कोणाच्याच मनात काही नसतं.

अडचण त्यानंतर आली. नवा प्रशिक्षक व्हायला कोणी तयार होईना. मुरांगहून नाही, पलीकडच्या गावांतून नाही, एक जण तर फोनवर विराबिन हे नाव ऐकूनच आता घरात पाहुणे आलेत म्हणाला. हंगाम दारात आला होता. ग्वेनबाई सभेत उभ्या राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नेव्हिल, हा संघ कसा चालवायचा हे तुला ठाऊक आहे. तू सगळ्यांना सांगितलंयस."

सगळी सभा नेव्हिलकडे बघू लागली. नेव्हिलने दाराकडे बघितलं. दारात स्टाव्रोस उभा होता आणि तो बाजूला होईना.

नेव्हिलचा पहिला सराव बुधवारी झाला. पोरांचं सुटलेलं अंग बघून त्याने त्यांना सरळ धरणाच्या बांधावर पळवलं. पहिल्याच चढाला एक जण मांडी धरून बसला.

"जास्त पळवलं," कुंपणापाशी स्टाव्रोस म्हणाला.

"आणि ऊन तरी बघायचं," बेरिल म्हणाली.

लीथ कुत्र्याला फिरवत तिथून चालला होता. संध्याकाळ रिकामी असणं त्याला अजून सवयीचं झालं नव्हतं. स्टाव्रोसने त्याला हाक मारली. "अरे, तू तर करून बसलायस हे काम. तुझं काय मत?"

लीथने बांधाकडे पाहिलं. नेव्हिल खाली बसलेल्या पोरापाशी वाकला होता आणि त्याला काय करावं ते कळत नव्हतं, हे एवढ्या लांबूनही दिसत होतं. खाली जाऊन मदत करावी असं लीथला क्षणभर वाटलं. मग त्याने कोपरं कुंपणावर टेकली.

"सुरुवात चुकली," तो म्हणाला.

दोघांनी जोरात माना हलवल्या. इतक्या वर्षांत लीथच्या एखाद्या मताला गावात मान हलण्याची ही पहिलीच वेळ. त्याला फार हलकं वाटलं. तो आणखी थोडं बोलला. काळोख पडेपर्यंत बोलत होता.

आता तुमचं. हा खेळ तुम्ही बहुधा कधी पाहिलेला नाही, विराबिन कुठे आहे तुम्हाला ठाऊक नाही, आणि डॅन्कोच्या मांडीला तुम्ही हातही लावलेला नाही. तरी पहिल्या सभेतच लीथने काय बोलायला हवं होतं, हे तुमचं केव्हाच ठरलं आहे. मग कळवायला हरकत नाही. नेव्हिल मैदानात उतरल्यापासून समितीचं अध्यक्षपद रिकामं आहे, आणि त्यासाठी अनुभवाची अट नाही.