चार बोटं तलवार

"मोक्षासाठी हिमालयात जायला नको, वनजा! तो आपल्या सिंकमध्ये आहे!" निवृत्त झाल्या झाल्या मालोजीरावांनी जाहीर केलं. आणि नुसतं बोलून थांबणारा हा गडी नव्हे! म्हैसूरच्या हूटगळ्ळीतल्या त्या नव्या घरात भांडी घासायचं काम त्यांनी त्याच दिवशी बायकोच्या हातून काढून घेतलं. काजळी म्हणजे अहंकार, चिंच म्हणजे विवेक, आणि घासणारा हात म्हणजे साक्षात गुरुकृपा!

काम मात्र चोख, हे कबूल करायलाच हवं. त्यांनी घासलेल्या पातेल्यात बघून दाढी करावी! फक्त पहिल्याच आठवड्यात त्यांनी नॉनस्टिक तव्याचं सगळं काळं अज्ञान खरवडून काढलं. तेव्हापासून डोसा तव्याला असा बिलगतो, की सोडवायला पंचायत बसवावी लागते.

"अय्यो, ते कोटिंग होतं हो!" वनजाबाई कळवळल्या.

"कोटिंगच तर काढायचं असतं माणसानं!"

अशात दसरा आला. लेक भव्या उन्हाळ्यात साताऱ्याला दिलेली. तिचे सासरे वासुदेवराव पहिल्यांदाच म्हैसूरला येणार होते, आणि तेही खास तलवार बघायला! लग्नाच्या पंगतीत मालोजीरावांनीच छाती फुगवून सांगितलं होतं, "आमचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. त्यांची तलवार आहे घरात. अशी लखलखते, की बघत राहाल!"

आता खरं सांगायचं, तर लखलखताना ती त्यांनीही पाहिली नव्हती. घराण्याची रीतच तशी. आयुधपूजेला तलवार म्यानातून चार बोटं बाहेर काढायची, तेलाचा हात फिरवायचा, कुंकू लावायचं आणि परत आत! वडिलांनी ती पूर्ण उपसली नाही, आजोबांनीही नाही. का, ते कुणी विचारलं नाही.

"यंदा उपसणार!" मालोजीराव गरजले. "चार बोटं चकचकीत आणि आत सगळा अंधार? हे तर ढोंग झालं! आत्मा मुळापासून टोकापर्यंत घासला पाहिजे!"

"सुम्ने बसा हो," वनजाबाई म्हणाल्या. "जुनी वस्तू आहे. गप्प पूजा करू या."

मालोजीराव आणि गप्प! भिंतीला पाय लावून त्यांनी मूठ ओढली. खर्रकन आवाज झाला आणि पणजोबांच्या काळापासूनचा गंज अंगावर घेऊन तलवार बाहेर आली. मालोजीरावांना गहिवरून आलं. "केवढा हा अहंकार!" म्हणत ते चिंच आणि घासणी घेऊन सिंकपाशी उभे राहिले.

घासलं तसे पोपडे पडले. आणखी घासलं, आणखी पडले. पातं अरुंद झालं, तेव्हा ते म्हणाले, "विकार गेले!" टोक गळून पडलं, तेव्हा म्हणाले, "वासना गेली!" संध्याकाळी त्यांच्या हातात उरली मूठ आणि मुठीला लागून चार बोटं पातं. दरवर्षी जेवढ्याला तेल मिळालं, तेवढंच लोखंड वाचलं होतं. बाकी सगळा गंजच होता!

पदराला हात पुसत वनजाबाई आल्या. "तलवार कुठंय?"

मालोजीरावांनी सिंकच्या जाळीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मंडी मोहल्ल्यातल्या समाजाच्या हॉलमध्ये साऱ्या घराण्यांच्या तलवारी पूजेला ओळीनं मांडल्या होत्या. मालोजीरावांची म्यानात, वर नुसती मूठ. शेजारी वासुदेवराव मोबाईल उगारून उभे!

"चार बोटं काढा, कुंकू लावा, आत घाला," वनजाबाईंनी कानात सांगितलं. "याच्यावर एक बोट नाही!"

चार बोटं निघाली, कुंकू लागलं, पातं परत आत गेलं. मालोजीरावांचा जीव भांड्यात पडला.

"हे काय व्याहीसाहेब?" वासुदेवराव म्हणाले. "पूर्ण उपसा की! रात्रभर बसमध्ये अवघडून आलोय ते याच्याचसाठी!"

"आमच्यात उपसत नाहीत."

"असं कसं? सूनबाई तर काल आईचा फोन ठेवून सांगत होती, तुम्ही उपसून दिवसभर घासताय म्हणून!"

सगळा हॉल वळला. समाजाचे अध्यक्ष रणोजीराव तर जागचे उठलेच. "एनप्पा, काय रे मालोजी? उपसलीस तू? पूर्ण?"

पणजोबांची अब्रू आणि लेकीचा सासरचा मान, सगळं त्या चार बोटांवर लटकलेलं! देवाचं नाव घेऊन मालोजीरावांनी मूठ ओढली. चार बोटं पातं आलं आणि मग नुसती हवा आली.

वासुदेवरावांनी म्यानात डोळा घालून पाहिलं. "बाकीची?"

मालोजीरावांना खोटं काही सुचेना, म्हणून बिचारे खरं बोलले. "घासली. अहंकार होता तो गेला. खरं होतं तेवढं उरलं."

"अस्सं!" वासुदेवरावांची काही समजूत पटली नाही. ते रणोजीरावांच्या तलवारीकडे वळले. "बरं, मग अध्यक्षसाहेब, तुमची बघू!"

रणोजीरावांचा चेहरा कढी फुटल्यासारखा झाला. त्यांनी झटकन आपली तलवार काखेत मारली आणि ओरडले, "अय्यो, काय बोलला आमचा मालोजी! अरे, टाळ्या वाजवा!"

आणि काय टाळ्या पडल्या म्हणता! एका हातानं जो तो ओळीतलं आपापलं म्यान उचलून घट्ट धरून बसलेला, म्हणून दुसऱ्या हातानं मांडीवर! रणोजीरावांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून मालोजीरावांना घातला. ते बघून वासुदेवरावही विरघळले. "असा निरहंकारी माणूस आमच्या साताऱ्यात नाही!"

मालोजीराव हार न काढता घरी आले आणि रस्ताभर बोलत आले. "अख्ख्या म्हैसुरात माझ्याइतका निरहंकारी माणूस दाखव, वनजा! दाखवच!"

वनजाबाई आत गेल्या आणि सकाळी घाईत करपलेलं खिरीचं पातेलं त्यांनी मालोजीरावांच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"सरी, सरी, पटलं. आता ह्याचाही अहंकार काढा. फक्त बूड राहू दे!"